किल्ली कुणाच्या कमरेला? पेवापासून बिटकॉइनच्या पाकिटापर्यंत



आजचा विषय सांगितला तेव्हा आम्हाला एकानं विचारलं, ‘नांदूरघाटला बिटकॉइनचं काय काम?’ प्रश्न रास्त आहे. पण केज तालुक्यातलं असं गाव आज दाखवता येणार नाही, जिथली चार पोरं पुण्याला हिंजवडीत किंवा खराडीत कामाला नाहीत. त्यातल्या एखाद्याच्या फोनमध्ये थोडी क्रिप्टो असते. घरी आईवडिलांना ते माहीत नसतं, बायकोला अर्धवट माहीत असतं. उद्या तो फोन पडला, चोरीला गेला, किंवा त्या पोराचंच काही बरंवाईट झालं, तर त्या पैशाचं काय होतं? आज आपण एवढ्या एकाच प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. क्रिप्टो घ्यावी की न घ्यावी, हे आम्ही सांगणार नाही. तिचा भाव एका वर्षात अर्ध्यावर येतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. आपला प्रश्न सांभाळण्याचा आहे, आणि तो प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे.

सुरुवात पेवापासून करू. वयस्कर मंडळींना पेव आठवत असेल. घट्ट, कोरड्या जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आतून कडब्याचा थर. त्यात ज्वारी भरायची आणि तोंड बुजवून टाकायचं. वर माती सारखी केली की परक्याला पत्ता लागत नसे. दागिने आणि रुपये हंड्यात घालून असेच पुरले जायचे. या पद्धतीची सगळी सुरक्षा एकाच गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे जागा कुणाला माहीत नसणं. तिच्यातला धोकाही तिथंच होता. जाणता माणूस अचानक गेला की हंडा जमिनीतच राहायचा. पाया खणताना नाणी सापडल्याच्या बातम्या आजही येतात. त्या प्रत्येक हंड्यामागं, कुणाला न सांगताच गेलेला एक माणूस असतो.

आता जपलेली वस्तू शाबूत राहिली म्हणजे तिची किंमत शाबूत राहिली, असंही नाही. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथं हाली शिक्का चालायचा, पलीकडं नगर जिल्ह्यात इंग्रजांचा रुपया. दोन्हींचा भाव वेगळा. सर्वसाधारणपणे सात हाली म्हणजे सहा कलदार. संस्थानाच्या स्वतःच्या कागदी नोटाही होत्या. संस्थान विलीन झालं आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत हाली चलन बाद झालं. ज्यांच्या गाठोड्यात चांदीचे हाली रुपये होते, त्यांच्या हाती निदान चांदी राहिली. नोटा ठेवणाऱ्यांच्या हाती कागद राहिला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटांबाबत पुन्हा तोच अनुभव आला. डब्यात, पिठाच्या पिंपात ठेवलेल्या नोटा घेऊन बायाबापड्या बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या. म्हणजे बघा, ‘पैसा कुठं ठेवला’ हा एक प्रश्न आणि ‘तो पैसा कुणाच्या शब्दावर पैसा आहे’ हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, पुढं उपयोगी पडतील.

पेवानंतरची पायरी सराफाची. रोकड अंगावर घेऊन प्रवास करणं जिवावरचं काम, म्हणून हुंडी आली. हुंडीत दर्शनी होती, मुदती होती, शिवाय शाहाजोग होती. शाहाजोग हुंडीचे पैसे कुणाही वाटसरूला मिळत नसत, पेढीच्या ओळखीच्या पतवान माणसालाच मिळत. आणि हुंडी हरवली तर? त्याचीही सोय होती. पहिली हरवली तर तिच्या बदली ‘पेठ’ लिहून मिळे, तीही गेली तर ‘परपेठ’. कारण पैसा कागदात नव्हताच. पैसा पेढीच्या वहीत होता आणि कागद हा नुसता निरोप होता. वही सांभाळणारा माणूस ओळखीचा असल्यामुळं चूक दुरुस्त करता येत होती.

पण त्याच वहीची दुसरी बाजूही होती. वही सावकाराच्या हातात, लिखाण मोडीत, आणि सही म्हणून शेतकऱ्याचा अंगठा. कागदावर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे ओढून काढून जाळले. ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारनं चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्यात एक साधी पण मोठी तरतूद होती: शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, म्हणजे अंगठा कशावर पडतोय हे तिसऱ्या माणसासमोर स्पष्ट व्हावं. न वाचता दिलेला अंगठा. हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा, दीडशे वर्षांनी तो मुंबईत परत भेटणार आहे.

मधला काळ बँकांचा, पतसंस्थांचा, मल्टीस्टेटचा. त्याबद्दल या सभेत आम्ही फार बोलायची गरज नाही, कारण तुमच्यातल्या अनेकांच्या घरात ती जखम ओली आहे. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटच्या शाखांपुढं रांगा लागल्या. लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, ईडीचा तपास सुरू झाला. उसाची उचल, मुलीच्या लग्नासाठी साठवलेलं, निवृत्तीचे पैसे, सगळं त्यात होतं. बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंत संरक्षण असते. पतसंस्था आणि मल्टीस्टेट क्रेडिट सोसायट्यांना ते लागू नाही. हे बऱ्याच जणांना पैसे अडकल्यावरच कळलं.

अशा वेळी एखादा तरुण म्हणतो, ‘मधला माणूसच नको. माझा पैसा माझ्याजवळ.’ त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. बिटकॉइनची कल्पना नेमकी याच रागातून आली. ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेतल्या बँका कोसळत असताना, सातोशी नाकामोटो या टोपणनावानं एक नऊ पानी लेख प्रसिद्ध झाला. जानेवारी २००९ मध्ये ते जाळं सुरू झालं. कल्पना अशी: वही एकाच पेढीत ठेवायची नाही, तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवायची. कोणताही एक सावकार खाडाखोड करू शकणार नाही.

इथं एक गैरसमज दूर करू. लोक म्हणतात, ‘माझ्या वॉलेटमध्ये नाणी आहेत.’ वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाण्यांची नोंद त्या जागतिक वहीत असते. वॉलेटमध्ये असते फक्त किल्ली, म्हणजे सुमारे ७७ आकडी एक गुप्त संख्या. ती ज्याच्याजवळ, तो त्या नोंदीचा मालक. नाव, आधार, सातबारा, वारस दाखला काही विचारलं जात नाही. आणि ती हरवली तर पेठ नाही, परपेठ नाही. हुंडीच्या व्यवहारात शंभर माणसांच्या ओळखीनं जी चूक दुरुस्त व्हायची, ती इथं दुरुस्त होत नाही. मधला माणूस काढला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याची लबाडी गेली आणि त्याची मदतही गेली.

ही जबाबदारी जड वाटली म्हणून लोकांनी काय केलं? किल्ली पुन्हा दुसऱ्याच्याच हातात दिली. एक्स्चेंज म्हणजे दुसरं काय? नवीन पेढीच. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स बुडालं, सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं सांगण्यात आलं. पैकी दोनेक लाख नंतर एका जुन्या पाकिटात सापडले. डिसेंबर २०१८ मध्ये क्वाड्रिगा या कॅनडातल्या एक्स्चेंजचा मालक आपल्या जयपूरमध्ये वारला. किल्ल्या त्याच्या एकट्याच्याच जवळ होत्या, असं जगाला सांगितलं गेलं. पुढं तिथल्या नियामकांच्या चौकशीत निघालं की ग्राहकांचा बराचसा पैसा त्यानं जिवंतपणीच उडवला होता. हरवलेल्या किल्लीची गोष्ट सांगितली गेली, पण पाकीटच रिकामं होतं.

आता मुंबई. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईत सुरू झालेल्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. नवल म्हणजे तिथं एकच किल्ली नव्हती, सहा होत्या. पाच कंपनीच्या लोकांकडं, एक किल्ल्या सांभाळणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडं. व्यवहाराला चार सह्या लागत. मग चोरी झाली कशी? कंपनीनं सांगितलं की पडद्यावर दिसत होता तो व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झाली तो व्यवहार वेगळे होते. दोष कुणाच्या यंत्रणेत, यावर दोन्ही संस्थांचा वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं संयुक्त निवेदनात या चोरीचं बोट उत्तर कोरियाच्या हॅकरांकडं दाखवलं. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्स्चेंजमधून जवळपास दीडशे कोटी डॉलर गेले, तेही पडद्यावर एक आणि सहीला दुसरं याच मार्गानं. आठवलं का? न वाचता दिलेला अंगठा. सुप्याचा शेतकरी निरक्षर होता म्हणून फसला. इथले लोक संगणक शिकलेले होते, तरी त्यांच्यासमोरचा रोखा त्यांना वाचता येत नव्हता.

म्हणून खुल्या स्रोताची, म्हणजे ओपन सोर्सची गोष्ट महत्त्वाची ठरते. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स यानं लष्करी संकेतलेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडलं. त्याचा आशय असा की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. पेवाच्या अगदी उलट विचार आहे हा. पेवात रचनाच लपवलेली असते. आपल्या बाजारातली नंदभाषाही तशीच. दलाल रुमालाखाली बोटं धरून, ‘केवली’, ‘अवारू’ अशा सांकेतिक शब्दांत भाव ठरवत. ती भाषा शेतकऱ्याला कळली की तिची ताकद संपली.

खुल्या स्रोताच्या पाकिटात कुलपाचा आराखडा चव्हाट्यावर मांडलेला असतो. बिटकॉइन कोअर हे मूळ पाकीट तसंच. २०११ मध्ये इलेक्ट्रम आलं, २०१४ मध्ये प्राग शहरातून ट्रेझर हे किल्ली सांभाळणारं पहिलं छोटं यंत्र बाजारात आलं, पुढं स्पॅरोसारखी पाकिटं आली. यंत्राचा फायदा असा की किल्ली त्याच्या बाहेर येत नाही. संगणकात विषाणू असला तरी सही यंत्राच्या आत होते, आणि रक्कम व पत्ता यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर दिसतो. तो पडदा वाचणं म्हणजे १८७९ च्या कायद्यातल्या निबंधकासमोर उभं राहणं.

पण खुलं आहे म्हणजे आपोआप सुरक्षित आहे, असं मुळीच नाही. दोन उदाहरणं देतो. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वापरणाऱ्यांना पाकिटातच निरोप दिसला, ‘नवीन आवृत्ती उतरवून घ्या.’ निरोप चोरांचा होता, आवृत्ती बनावट होती. दोनशेहून अधिक बिटकॉइन गेले. ज्यांनी उतरवलेली फाइल मूळ लेखकाच्या डिजिटल सहीशी पडताळून पाहिली असती, ते वाचले असते. दुसरं उदाहरण २०२३ चं. लिबबिटकॉइन या खुल्या साधनात किल्ली तयार करताना लागणारा यदृच्छ आकडा कमकुवत निघाला. खरी किल्ली इतक्या शक्यतांतून निवडलेली असते की सगळे संगणक जुंपले तरी सापडू नये. इथं शक्यता होत्या फक्त सुमारे ४२९ कोटी. संगणकाला तो थोड्या वेळाचा खेळ. कोड सगळ्यांसमोर होता, पण बरीच वर्षं कुणी नीट वाचलाच नव्हता. ग्रामसभेचं इतिवृत्तही सगळ्यांना खुलं असतंच की. वाचणारा लागतो.

आता घरातल्या गोष्टीकडं येऊ. ७७ आकडी संख्या कागदावर उतरवताना चूक होणारच. म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत ठरली: त्या गुप्त संख्येच्या जागी बारा किंवा चोवीस साधे शब्द. २०४८ शब्दांची ठरलेली यादी आहे, ‘अबॅन्डन’पासून ‘झू’पर्यंत. शब्द त्याच क्रमानं लिहून ठेवले की यंत्र जळालं, फोन हरवला, तरी नव्या यंत्रावर सगळं परत उभं राहतं. ही यादी इंग्रजीत आहे. जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज याद्याही आहेत. मराठी नाही. भारतातली कोणतीच भाषा त्या प्रमाणित याद्यांत नाही.

याचा अर्थ नांदूरघाटच्या घरात काय होतो? पोरगा पुण्याहून फोनवर शब्द सांगतो, आई देवनागरीत वहीत उतरवते. ‘राइट.’ यादीत राइट दोन आहेत, एक उजवा आणि एक लिहिणे. स्पेलिंग वेगळं, उच्चार एक. देवनागरीत दोन्ही सारखेच. बारापैकी एक शब्द चुकला, तर सगळं पाकीट उघडत नाही. म्हणजे हे शब्द ऐकून लिहायचे नसतात, अक्षर न् अक्षर बघून लिहायचे असतात. आणि खरं तर फोनवर सांगायचेच नसतात. एखाद्या जाणकारानं उद्या मराठी शब्दांची यादी तयार केली, उच्चारात गोंधळ न होणारे २०४८ शब्द निवडले, तर ते आपल्या भाषेचं मोठं काम होईल. पण सगळी पाकिटं ती यादी ओळखत नाहीत तोवर इंग्रजीतच, रोमन लिपीतच लिहून ठेवणं शहाणपणाचं.

कागद कुठं ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन घरंच्या घरं कारखान्याला जातात. सहा-सहा महिने घराला कुलूप, नाहीतर मागं म्हातारी माणसं. पावसात भिंत ओली होते, उंदीर लागतो. म्हणून काही लोक शब्द पोलादी पट्टीवर ठोकून घेतात. काही जण अर्धे शब्द एका घरी आणि अर्धे दुसऱ्या घरी ठेवतात. त्यात दोनपैकी एक भाग गेला की सगळंच गेलं. त्यापेक्षा ‘तीनपैकी दोन’ ही पद्धत बरी. तीन वेगळ्या किल्ल्या, कोणत्याही दोन लागतात. एक पुण्यात स्वतःजवळ, एक गावी, एक विश्वासू भावाबहिणीकडं. एक हरवली तरी चालतं, एक चोरली तरी चोराचं चालत नाही. मात्र त्या पाकिटाची रचना लिहिलेला कागदही जपावा लागतो, नुसत्या किल्ल्या पुरत नाहीत. आणि रक्कम थोडी असेल तर एवढा पसारा करू नये, त्यात स्वतःच गुंतायला होतं.

किल्ली दुसऱ्याला दिसली की काय होतं, हेही आपल्याच राज्यानं पाहिलंय. गेनबिटकॉइन या योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष होतं. त्यात महाराष्ट्रातले हजारो लोक फसले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तपासात मदतीला बाहेरचे तांत्रिक तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२ मध्ये त्यांतल्याच दोघांना पुणे पोलिसांनी अटक केली. तपासात हाती आलेल्या पाकिटांतली क्रिप्टो परस्पर वळवली, असा त्यांच्यावर आरोप ठेवला गेला. आरोपाचा निकाल न्यायालय करील. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की जप्त केलेली गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहते. किल्लीचं तसं नाही. तिच्यावर एकदा नजर पडली, तिचा फोटो निघाला, की ती दोघांची झाली. म्हणून शब्दांचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायचे नाहीत, ईमेलमध्ये ठेवायचे नाहीत. ‘मदत करतो, बारा शब्द सांगा’ म्हणणारा माणूस चोरच असतो, याला अपवाद नाही.

कायदा कुठं उभा आहे? एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द ठरवलं. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का कपात. म्हणजे सरकार कर घेतं, पण हे चलन म्हणून मान्य नाही, आणि बुडालं तर ठेव विमा नाही.

सभेत मागच्या रांगेतून एका मावशींनी विचारलं, ‘किल्ली हरवली तर अर्ज कुठं करायचा?’ मावशी, कुठंच नाही. तहसीलला नाही, बँकेत नाही, कोर्टात नाही. कोर्टानं वारसाचा हुकूम दिला तरी किल्लीशिवाय तो हुकूम त्या वहीला कळत नाही. म्हणून वारसदारी आधीच करावी लागते. मृत्युपत्रात शब्द लिहायचे नाहीत, कारण ते चार जण वाचतात. पण अमुक गोष्ट आहे, तिचं यंत्र कुठं आहे, कागद कुठं आहे आणि उघडताना कुणाला सोबत घ्यायचं, एवढं मराठीत, आईला वाचता येईल असं लिहून ठेवायचं. आणि एकदा, अगदी थोडी रक्कम ठेवून, यंत्र पुसून टाकायचं आणि त्या कागदावरून ते परत उभं करून बघायचं. जमलं तरच कागद खरा.

पूर्वीच्या वाड्यात किल्ल्यांचा जुडगा थोरल्या बाईच्या कमरेला असायचा. कोणती किल्ली कोणत्या पेटीची, हे ती सुनेला हळूहळू दाखवायची. कधी दाखवायचं, किती दाखवायचं, हे तिचं तिला कळायचं. हंडे जमिनीत राहिले ते ज्या घरात हे दाखवणं झालं नाही, त्या घरांचे. पुण्यातल्या त्या पोरानं पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर आईशेजारी बसून अर्धा तास काढावा, एवढंच आमचं मागणं आहे.